दीडपटीचा वायदा करून चांदीची नाणी विकली, आता कंपनीचे हात वर

सेलू तालुक्यातून एका ताईंचा मेसेज आलाय, लांबलचक आहे आणि त्यात राग पण भरपूर आहे, तो बाजूला ठेवून थोडक्यात सांगतो. ताई झेडपीच्या शाळेत शिक्षिका. २०२३ च्या धनत्रयोदशीला, म्हणजे १० नोव्हेंबरला, त्यांनी ओळखीतल्या एका एजंटाकडून देवदेवतांच्या चांदीच्या नाण्यांचा ‘लिमिटेड एडिशन’ सेट घेतला. बारा नाणी, एकेक २० ग्रॅमचं, ९९९ ची म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध चांदी, मखमली पेटी, प्रत्येकाला नंबर घातलेलं सर्टिफिकेट. बिल ७२,००० चं. एजंटानं व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, “ताई दोन वर्षात दीडपट पक्की समजा, नाहीच झालं तर कंपनी आहे त्या किमतीत परत घेणार, मी आहे ना.” आता जून २०२५ मध्ये मुलीच्या लातूरच्या नीटच्या क्लासची फी भरायची म्हणून पेटी काढली, कंपनीला फोन लावला, तर म्हणे आम्ही फक्त चांदीच्या भावानं घेतो, तेही १५ टक्के कापून. सेलूच्या सराफानं तर पेटीकडं बघितलं पण नाही, नाणी काट्यावर टाकली न् २२ हजार म्हणाला. ताईंचा प्रश्न असा की “माझे ५० हजार गेले कुठं, आणि यात केस होते का?”

होते ताई. पण तुम्ही मेसेजमध्ये जशी मांडली तशी मांडली तर पहिल्याच तारखेला अडकाल.

आधी ५० हजारांचं सांगतो, कारण ते तुमच्या डोक्यातून गेल्याशिवाय पुढचं नीट दिसायचं नाही. बारा नाणी म्हणजे २४० ग्रॅम. त्या दिवाळीला चांदी किलोला पाऊण लाखाच्या आसपास होती, म्हणजे पेटीत धातू होता साधारण १८ हजारांचा. ७२ हजारांत दोन हजारांच्या वर तर ३ टक्के जीएसटीच गेला, तो कुणीच परत देत नसतो. राहिलेले पन्नासएक हजार म्हणजे छापा, पेटी, सर्टिफिकेट, जाहिरात, एजंटाचं कमिशन आणि कंपनीचा नफा. जून २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या वर होती म्हणून २२ हजार तरी येत होते, नाहीतर बारा-पंधरावरच विषय संपला असता. सराफ तुम्हाला फसवत नाहीये, त्याच्या दृष्टीनं ती चांदी आहे, टंच म्हणजे शुद्धता बघायची, वितळवताना जाणारी घट धरायची, मोडीचा भाव द्यायचा. मखमलीचे पैसे त्यानं कशाला द्यावेत?

आता कायदा. महाग विकलं हा काही आपोआप गुन्हा होत नाही. अशा नाण्याची किंमत किती ठेवायची हे कंपनी ठरवते, आणि भाव वाढला नाही म्हणून ग्राहक आयोग भरपाई देत नसतो. तसं असतं तर प्लॉटवाले निम्मे लोक तिथंच बसले असते. तुमची केस उभी राहते ती त्या एका मेसेजवर. ‘आहे त्या किमतीत परत घेणार’ असं सांगून माल विकला आणि आता नाही म्हणतायत, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे खोटं सांगून माल विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा झाली, आणि परत घ्यायची सोय कबूल करून ती दिली नाही म्हणून सेवेतली त्रुटी पण झाली. म्हणजे तक्रारीत ‘भाव’ हा शब्द जितका कमी तेवढं बरं, त्यांनी काय कबूल केलं होतं ते तारखेसकट लिहायचं.

आणि इथंच एक खड्डा आहे, तो नीट बघा. कायद्यात ‘ग्राहक’ कोण याची व्याख्या आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूनं माल घेणारा माणूस ग्राहक नाही. तुम्ही मला लिहिलंय, “मी इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतली, डबल झाली की विकणार होते.” हेच वाक्य तक्रारीत गेलं तर कंपनीचा वकील पहिला हरकतीचा मुद्दा हाच घेणार, आणि त्याच्या जागी मी असतो तर मी पण घेतला असता. खोटं लिहा असं मी म्हणत नाही, खोटं लिहायचंच नाही. पण खरं काय आहे ते पूर्ण सांगा ना. तुम्ही नाण्यांच्या व्यापारी नाहीत, एकच सेट घेतला, धनत्रयोदशीला घेतला, लक्ष्मीपूजनाला मांडला (तो फोटो मला पाठवलाय तुम्ही, बारा नाणी झेंडूत मांडलेली, तो जोडा), पोरीच्या शिक्षणाला उपयोगी पडेल म्हणून जपून ठेवला. घरासाठी केलेली बचत आणि व्यापार यात फरक आहे. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये लीलावती हॉस्पिटलच्या ट्रस्टच्या केसमध्ये हेच बघायला सांगितलंय की व्यवहाराचा मुख्य हेतू काय होता, नफा कमवायच्या धंद्याशी त्याचा थेट संबंध आहे का. शिवाय तुम्ही बाजारात विकायला गेलाच नव्हता आधी, ज्यांनी परत घ्यायचं कबूल केलं त्यांच्याकडंच गेलात. तरी हा मुद्दा शंभर टक्के सुटेल असं मी लिहून देणार नाही, लढावा लागेल.

म्हणूनच मागणी काय करायची तेही जपून. तुमचं म्हणणं दीडपट म्हणजे १,०८,००० मागायचे. नका मागू. एक तर नफा मागितला की तुम्ही स्वतःच गुंतवणूकदार ठरता, आणि दुसरं, ‘पक्की समजा’ असल्या बोलण्याला विक्रेत्याची बढाई म्हणून सोडून देतात बऱ्याचदा. पण ‘आहे त्या किमतीत परत घेणार’ हे बढाईत बसत नाही, ती सरळ कबुली आहे. तर नाणी परत घ्या, माझे ७२ हजार द्या, त्यावर व्याज, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च, एवढंच. आयोगाला पण असा आदेश करणं सोपं जातं.

सर्टिफिकेटच्या मागं बारीक इंग्रजीत दोन ओळी आहेत त्यानं तुम्ही घाबरलात. एक, कंपनी पुनर्विक्रीच्या किमतीची हमी देत नाही. दुसरी, वाद मुंबईच्या कोर्टातच चालतील. दुसरीचं अजिबात टेन्शन घेऊ नका, २०१९ च्या कायद्यानं ग्राहक जिथं राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमची परभणीत. पहिली ओळ मात्र ते दाखवणार. त्यावर आपलं उत्तर हे की सर्टिफिकेट पेटीत होतं, पेटी पैसे दिल्यावर हातात आली, आणि पैसे द्यायच्या आधी त्यांच्याच माणसानं उलटं लिहून दिलं होतं. ‘तो एजंट आमचा नोकर नाही’ असं पण म्हणतील, म्हणू द्या. बिल कंपनीचं आहे, पैसे कंपनीच्या खात्यात गेलेत, माल त्यांच्या नावानं विकला, मग एजंटाला असं बोलायचा अधिकार आहे असं तुम्हाला वाटू दिलं त्याची जबाबदारी कंपनीवर येते. तक्रारीत दोघांनाही सामनेवाले करा. एजंट नात्यातला आहे म्हणून त्याला सोडायचा विचार असेल तर तो तुमचा निर्णय, पण मग कंपनी सगळं त्याच्यावर ढकलून मोकळी होईल.

एक काम आधी करा. एक नाणं, फक्त एकच, हॉलमार्किंग सेंटरला नेऊन टंच काढून घ्या आणि लेखी रिपोर्ट घ्या. ९९९ लिहिलंय आणि निघाली कमी, तर तुमची केस एकदम सोपी होते, मग परत घ्यायच्या कबुलीवर सगळं अवलंबून राहत नाही. बरोबर निघाली तरी रिपोर्ट कामाला येतो. पण सराफाच्या दुकानात कसोटीवर घासू देऊ नका, बाकीची अकरा प्लास्टिकच्या कॅप्सूलमधून काढू पण नका. ओरखडा पडलेलं नाणं कंपनी परत घेणार नाही आणि आयोगापुढं ‘माल आम्ही दिला तसा नाही’ म्हणायला मोकळी. वैतागून मोडीत तर मुळीच घालू नका, २२ हजार हातात येतील आणि पुरावा वितळून जाईल.

मुदत दोन वर्षांची असते. कंपनीनं नकार जूनमध्ये दिला म्हणून तिथून मोजता येईल असं म्हणता येतं, पण कशाला वाद ओढवून घ्यायचा, बिलाच्या तारखेपासून धरा. म्हणजे १० नोव्हेंबर २०२५ च्या आत, आणि दिवाळीच्या सुट्ट्या धरता ऑक्टोबर लागायच्या आधीच दाखल झालेली बरी. आधी कंपनीला आणि एजंटाला १५ दिवसांची नोटीस, पोस्टानं, पोचपावती जपून ठेवायची. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला पण फोन करून नंबर घ्या, काही कंपन्या तेवढ्यानंच जाग्या होतात. नाही झाल्या तर तक्रार. पाच लाखांपर्यंत फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाईन भरता येते, वकील लावायची सक्ती पण नाही (हे सांगून मी माझ्याच पोटावर पाय देतोय). सामनेवाल्यांना उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५, त्याच्या पुढं नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये पक्कं केलंय. कायद्यात तीन महिन्यांत निकाल म्हणतात, लॅब टेस्ट लागली तर पाच, प्रत्यक्षात जास्त लागतात. म्हणून क्लासच्या फीची सोय याच्यावर ठेवू नका ताई, शिक्षकांच्या पतसोसायटीचं कर्ज बघा.

पोलिसांत जाऊ का विचारलंय. जा म्हणलं तरी ठाण्यात ‘हे दिवाणी आहे’ ऐकायला मिळेल आणि या वेळी ते फार चुकीचं पण नसेल. फसवणुकीचा गुन्हा व्हायला पहिल्या दिवसापासून फसवायचाच इरादा होता हे दाखवावं लागतं. तुमच्याच शाळेतल्या आणखी चार जणांना हाच मेसेज, हाच वायदा गेला असेल तर चित्र बदलतं, ते गोळा करा. (व्यवहार २०२३ चा म्हणून त्याला जुनं भादंविचं ४२० लागतं, नवीन न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून आली.)

तुमच्या मुख्याध्यापकांनी दिलेला सल्ला, की कंपनीचं सोडा, सरकारी स्मारक नाणं घ्यायचं होतं, तो पण अर्धाच खरा. २०२३ चं नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं घ्या, वजन ३५ ग्रॅम पण चांदी त्यात निम्मीच, बाकी तांबं, निकेल, जस्त. म्हणजे साडेसतरा ग्रॅम. त्याची किंमत संग्राहकाकडं, सराफाकडं नाही, आणि ते वितळवणं तर २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

राहिली सासूबाईंच्या जुन्या नाण्यांची पोटली. तुम्ही पाठवलेले फोटो बघितले. काही राणी छाप आहेत, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे रुपये, आणि चारमिनारवाले आहेत ते हाली, निजामाचे, आपल्याकडं १९४८ पर्यंत तेच राज्य होतं म्हणून मराठवाड्यात जुन्या घरात निघतातच. सराफानं दोन्ही एकत्र तोलून एकच भाव सांगितला तो बरोबर नाही. राणी छाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी जवळपास ९२ टक्के. हाली थोडा हलका, ११.१८ ग्रॅम, आणि चांदी ८२ च्या आसपास. मोडीतच द्यायचे असतील तरी वेगवेगळे तोला. पण देऊ नका, साल आणि टांकसाळ बघून एखादं नाणं चांदीच्या कितीतरी पट जातं, आधी नाणी ओळखणाऱ्या माणसाला दाखवा. घासून चकचकीत करायचं नाही, चिंच-रांगोळी तर लांबच. आणि तुमच्या मुलानं फोटो ऑनलाईन टाकल्यावर ‘लाखाला घेतो, आधी अडीच हजार रजिस्ट्रेशन भरा’ असा फोन आला ना, तो सरळ ब्लॉक करा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात आमच्या नावानं फी, कमिशन, टॅक्स मागतात ते खोटं. पैसे भरले असतील तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला कळवा. शंभर वर्षांवरची नाणी पुरावस्तूत येतात, ती अशी देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळं कुणी दुबईला पाठवा म्हणलं तर त्या भानगडीत पडू नका.

आणि मेसेजच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की मोबाईल जुना झालाय, या आठवड्यात एक्स्चेंजला देऊन नवीन घेणार. तो देऊ नका. एजंटाचे मेसेज त्याच मोबाईलवर आलेत. स्क्रीनशॉट जोडायचे, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवायची, सोबत नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लावायचं, पण कंपनीनं ‘हे बनावट आहे’ म्हणलं तर मूळ मोबाईलच दाखवावा लागतो. केस संपेपर्यंत तो कपाटात, त्या पेटीच्या शेजारीच ठेवा, आणि महिन्यातून एकदा चार्ज करत जा.