सूर्यनमस्कारात देव कुठे असतो?

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

आजोबा गच्चीवर सूर्यनमस्कार घालताना दर खेपेस सूर्याचे नाव का घेतात आणि नुसत्या व्यायामात देव कुठून येतो, असे तू विचारले होतेस.

‘ॐ मित्राय नमः’पासून ‘ॐ भास्कराय नमः’पर्यंत नावे बारा आहेत आणि एका नावाला एक नमस्कार. हात वर नेऊन मागे झुकताना छाती आपोआप उघडते, तेव्हा श्वास घ्यायचा, तो पूरक. वाकून तळवे जमिनीला टेकवताना पोट दाबले जाते, तेव्हा तो सोडायचा, तो रेचक. आणि साष्टांगात, म्हणजे कपाळ, छाती, दोन तळवे, दोन गुडघे व दोन चवडे टेकलेले आणि पोट मात्र उचललेले असताना, तो क्षणभर रोखायचा, तो कुंभक. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, त्यामुळे रेचक सावकाश केला की जिवाची घालमेल कमी होते. पुढे दम लागू लागतो, आणि खरी गोम तिथेच आहे. नाव, श्वास आणि हालचाल यांचा मेळ राखण्यात मन इतके गुंतते की स्वतःचे रडगाणे गायला त्याला सवड उरत नाही. आजोबा त्या अवस्थेलाच देवाची भेट म्हणतात. मी इतक्या ठामपणे बोलणार नाही, पण तेव्हा आपण एकटे नसतो, एवढे मलाही जाणवते.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः नेमाने नमस्कार घालीत आणि त्यांनी ते संस्थानातल्या शाळांतही सुरू केले. व्यायाम आणि उपासना अशी फारकत त्यांनी केली नाही. आपण ती करतो, कारण आपला व्यायाम बंद खोलीत, आरशासमोर चालतो. (आरशासमोर वाकले की नमस्कार कोणाला पोचतो, हे तूच ठरव.) उघड्यावर पूर्वेकडे तोंड केले की कोवळे ऊन कपाळावर येते, वाकल्यावर मातीचा वास येतो, आणि ज्याला नमस्कार करायचा तो समोरच असतो.

इथे हिवाळ्यात तुझी शाळेची बस सूर्याच्या आधी येते, म्हणून शनिवार-रविवारी अंगणात घालू. गवतावर दव असेल, जुनी सतरंजी काढून ठेव. सुरुवातीला तीनच घाल, आणि नाव मोठ्याने घे.

तुझा,
बाबा