आजीचा ‘नऊचा खेळ’ आणि भरलेली टॉकीज

प्रश्न असा आलाय. एका ताईंची आजी मूळची सांगलीची, आता वय झालंय, म्हणून नात तिच्या आठवणी एका वहीत लिहून काढतेय. त्यातलं एक वाक्य, आजीच्या तोंडचं जसंच्या तसं: “रात्री नऊच्या खेळाला जगदीशला गेलो, टॉकीज भरली होती, मग पिटातच बसलो.” नातीच्या पुण्याच्या मैत्रिणीनं ते तपासताना “नऊच्या शोला जगदीशमध्ये गेलो, टॉकीज भरले होते” असं केलं आणि ‘पिटातच’च्या खाली लाल रेघ मारून ‘पिठात?’ असं विचारलंय. आता ताई विचारतायत, बरोबर कुणाचं?

आजीचं. सगळंच्या सगळं. एक अक्षर बदलू नका. मैत्रिणीनं चांगल्या मनानं केलं असणार त्यात शंका नाही, पण त्या एका ओळीत सांगलीचे चार शब्द होते, त्यातला एक गेला, दोघांचं रूप बदललं आणि चौथ्याचं पीठ झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खेळ. आज खेळ म्हटलं की पोरांना क्रिकेट नाहीतर मोबाईलवरचा गेम आठवतो, त्यामुळं सिनेमाला खेळ म्हणणं गावंढळ वाटतं, शो म्हटलं की कसं नीट वाटतं. पण मराठीत खेळाचा हा दुसरा अर्थ काल-परवाचा नाही. डोंबाऱ्याचा खेळ, गारुड्याचा खेळ, तमाशाचा खेळ, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, कोकणात दशावताराचा खेळ. माणसं गोळा करायची आणि त्यांच्यापुढं काहीतरी करून दाखवायचं, की तो खेळ झाला. त्यात हारजीत नाही, बघणारा आणि दाखवणारा असे दोघं पाहिजेत एवढंच.

आणि सांगलीत तर या शब्दाला फार मोठी जागा आहे. 1842 साली कर्नाटकातल्या कारवारकडच्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत आली आणि त्यांनी आपले खेळ करून दाखवले. संस्थानचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी ते बघितले आणि असलं काहीतरी मराठीत, पण जरा नेटकं करून दाखव म्हणून पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं, मग 5 नोव्हेंबर 1843 ला ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं, त्या तारखेला आपण अजून मराठी रंगभूमी दिन करतो. भाव्यांचा हात लाकडाच्या बाहुल्या करण्यात बसलेला होता, त्या बाहुल्या आजही बघायला मिळतात, म्हणजे खेळ हा शब्द त्यांच्याकडं दोन्ही बाजूंनी आला, बाहुल्यांकडनं आणि भागवतांकडनं. त्या काळात नाटक हे नाव आणि ते एकदा करून दाखवणं म्हणजे त्याचा खेळ, अशी सरळ वाटणी होती. कंपनीनं गावात चार खेळ केले, दुसऱ्या खेळाला गर्दी झाली, असंच म्हणायचे.

इथं मला कन्नडचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण सांगली-मिरजेच्या माणसाच्या कानावर कन्नड पडलेलं असतंच. कन्नडमध्ये ‘आट’ म्हणजे पोरांचा खेळ, आणि ‘बयलाट’ म्हणजे उघड्या माळावर रात्रभर चालणारं नाट्य. बयल म्हणजे मोकळं मैदान, आट म्हणजे खेळ. अगदी आपल्या खेळासारखाच दुपदरी शब्द. आपण तो त्यांच्याकडनं घेतला असं मी म्हणत नाही, मराठीत तो आधीपासून आहेच, पण कर्कीची मंडळी त्यांचा आट घेऊन आली तेव्हा सांगलीकरांना त्याला नाव शोधायला लागलं नसणार, खेळ हे नाव तयारच होतं.

पुढं नाटकवाल्यांनी संस्कृत ‘प्रयोग’ जवळ केला. आज भावे नाट्यमंदिरात नाटकाचा प्रयोग असतो, खेळ कुणी म्हणत नाही. पण नाटकानं सोडलेला शब्द वाया गेला नाही, तो सिनेमानं उचलला. मुंबईत वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 ला पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली आणि नंतर ही करामत गावोगाव फिरायला लागली ती जत्रेतल्या तंबूतनं आणि नाटकाच्या थेटरांतनं. जागा नाटकाची, प्रेक्षक नाटकाचा, मग बोलीही नाटकाचीच राहिली. पडदा बघा. नाटकात पडदा वर गेला की पलीकडचं दिसतं, सिनेमात पडद्यावरच सगळं दिसतं, काम बरोबर उलटं, तरी शब्द तोच! नाटक पडायचं, मग पिक्चरही पडायला लागला. आणि नाटकाचा खेळ होता तो सिनेमाचा खेळ झाला. तीनचा खेळ, सहाचा खेळ, नऊचा खेळ. काही पिक्चरला बायकांची एवढी झुंबड व्हायची की ‘फक्त स्त्रियांसाठी खास खेळ’ लावायला लागायचा आणि पाटीवरही तसंच लिहिलेलं असायचं, खेळ म्हणून.

माझे थोरले चुलते एका टॉकीजला ऑपरेटर होते, त्यांच्या तोंडून मी आयुष्यात शो हा शब्द ऐकला नाही. घरी आल्यावर आमच्या आजीनं “जेवतोस का रे” विचारलं की “थांब गं आई, चार खेळ चालवून आलोय, पाठ टेकू दे” म्हणायचे. त्यांच्याबरोबर मशीनच्या खोलीत दोन-तीनदा बसायला मिळालं. दोन मशीनं शेजारीशेजारी, आत कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, त्यांच्या टोकांमध्ये ठिणगी धरली की असा पांढराशुभ्र उजेड पडायचा की काळ्या काचेतनंच बघायचं, आणि कांड्या जळून आखूड होतील तशा जवळ सरकवत राहायच्या, नाहीतर खाली पडदा पिवळा पडतो आणि पिटातनं शिट्ट्या सुरू. हजार फुटाचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, अडीच तासाच्या पिक्चरला तेरा-चौदा रिळं लागतात, आमच्याकडं दोन-दोन जोडून चढवायचे. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकून जायचा, खाली बसलेल्यातल्या कुणालाच तो दिसायचा नाही, चुलते मात्र त्याच्यावरच डोळा लावून बसायचे. ठिपका दिसला की दुसरं मशीन चालू, परत दिसला की याचं झाकण बंद, त्याचं उघड. हे हुकलं की पडदा पांढरा.

त्यांनी आणलेले फिल्मचे तुटके तुकडे ही आमची इस्टेट. उडालेल्या बल्बचं बूड काढायचं, आत पाणी भरायचं, झाली दुर्बीण. एकानं अंगणात आरसा धरून उन्हाची तिरीप दारातनं आत पाठवायची, दुसऱ्यानं तिच्यात फिल्मचा तुकडा आणि पाण्याचा बल्ब धरायचा, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर उलटं का होईना पण माणूस उमटायचा. तिकीट पाच चिंचोके. गल्लीत ओरडून सांगायचो, “दुसरा खेळ सुरू होतोय, चला!” आता यातला खेळ कुठल्या अर्थाचा, मलाही सांगता यायचं नाही.

‘सुटला’ पण विसरू नका. खेळ सुरू होतो आणि खेळ सुटतो, संपतो नाही. शाळा सुटते, गिरणी सुटते तसा. “नऊचा सुटला वाटतं” असं घरातनं म्हणायचे, साडेबाराच्या सुमाराला रस्त्यावर सायकलींचा आणि बोलण्याचा आवाज आला की. ‘शो सुटला’ म्हणून बघा, जिभेवर बसत नाही.

आता टॉकीज. इंग्रजीत टॉकी म्हणजे बोलणारा सिनेमा, म्हणजे आपला बोलपट, आणि टॉकीज हे त्याचं अनेकवचन. 14 मार्च 1931 ला मुंबईत मॅजेस्टिकला ‘आलम आरा’ लागला, पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभातनं मराठीत ‘अयोध्येचा राजा’ काढला, मग जो तो थेटरवाला आमच्याकडं बोलणारा दाखवतात हे सांगायला नावापुढं टॉकीज लावायला लागला. बोलायचा पिक्चर आणि नाव पडलं इमारतीला. मूकपट गेले, सगळेच बोलायला लागले, त्या शब्दात सांगण्यासारखं काही राहिलं नाही, तरी तो भिंतीला चिकटून राहिला. आणि आपल्या लोकांना तो ‘ज’ इंग्रजी अनेकवचनाचा आहे हे माहीत असायचं कारणच नव्हतं, त्यांनी अख्खा शब्द एकवचन म्हणून घेतला. माचीसचं असंच झालं, मूळ मॅचेस, म्हणजे पुष्कळ काड्या, आणि आपण एक माचीस मागतो.

मग ‘ती टॉकीज’ का? माझं मत सांगतो. मराठीच्या कानाला ‘ईज’ शेवटी आलं की बाई वाटते. वीज ती, भाऊबीज ती, चीज ती (गाण्यातली, खायची नव्हे). माचीस पण ती, जरी तिथं इ जरा आखूड बोलली जाते. म्हणून टॉकीज ती. ‘ते टॉकीज’ म्हणणारे आहेत आणि त्यांना मी चूक म्हणणार नाही, ते थेटर या शब्दाच्या मागनं जातात, थेटर नपुंसक म्हणून टॉकीजही नपुंसक. पण सांगली-मिरजेत मी तरी टॉकीज भरलेली, रिकामी, बंद पडलेली, पाडलेली अशीच ऐकली. अनेकवचनात काही बदलत नाही, एक टॉकीज होती, चार टॉकीज होत्या.

‘जगदीशमध्ये’ असं केलंय ते मला सगळ्यात जास्त खटकलं. प्रतापला लागलाय, स्वरूपला लागलाय, मिरजेत देवलला लागलाय. कुणीही ‘देवलमध्ये’ म्हणायचं नाही. शाळेला जातो, बाजाराला जातो, जत्रेला जातो, तिथं नुसती आत शिरायची जागा सांगायची नसते, तिथं काय चाललंय ते त्या ‘ला’मध्ये येतं. टॉकीजचं तसंच. मध्ये म्हटलं की नुसती चार भिंतींची इमारत उरते. एक बारीक फरक मात्र आहे, छत्री विसरली तर ती ‘जगदीशमध्ये’ विसरली.



राहिलं पीट. मैत्रिणीला सांगा की पिठाचा काही संबंध नाही. पिट म्हणजे इंग्रजीत खड्डा, आणि विलायतेतल्या नाटकाच्या थेटरात स्टेजपुढच्या खालच्या सपाट भागाला पिट म्हणत, तिथलं तिकीट स्वस्त. आपल्याकडं तो शब्द नाटकाबरोबरच आला, संगीत नाटकाच्या काळात ‘पिटातले प्रेक्षक’ ही वेगळी जातच होती, गाणं रंगलं की वन्समोअर आधी तिथनं उठायचा. सिनेमात स्टेज गेलं तरी पडद्यापुढची पहिली बाकडी पीटच राहिली. आमच्याकडं ‘पीट’ असा लांब उच्चार आणि ‘पिटात’ म्हणताना आखूड, मीठ-मिठात, वीट-विटेत होतं तसं, म्हणजे शब्द पक्का मराठी व्याकरणात बसलाय.

पिटाच्या तिकिटाला दोन्ही बाजूला गज लावलेलं अरुंद बोळ असायचं, एका वेळी एकच माणूस आडवा होऊन जाईल एवढं, आणि शेवटी भिंतीत मनगट जाईल एवढं भोक. मुठीत सुटे पैसे धरून हात आत घालायचा, आतला माणूस मूठ उघडून पैसे घ्यायचा आणि तिकिटं ठेवून मूठ मिटवून द्यायचा. मूठ मिटलेली, भोक बारीक, मागनं रेटा, हात बाहेर काढताना मनगट सोललं जायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणाच्या मनगटावर ओरखडा दिसला की मास्तरसुद्धा ओळखायचे, काल कुठं होता ते.

बाई माणसं सहसा पिटात बसत नसत. बायकांची बसायची सोय निराळी असायची, नाहीतर घरचे पुरुष बरोबर असले की बाल्कनी. म्हणून ताई, आजीच्या वाक्यातला तो ‘पिटातच’मधला ‘च’ फार महत्त्वाचा आहे. टॉकीज भरली होती, दुसरीकडं जागा नव्हती, परत घरी जायचं नव्हतं, म्हणून ती आणि बरोबरच्या बायका पिटात बसल्या. त्या दिवशी तिथं काय झालं, कोण बरोबर होतं, घरी कळलं का, हे आजीला आत्ताच विचारून घ्या आणि त्याच वहीत त्याच्याखाली लिहा. ‘पिटात’मधली इ ऱ्हस्व.