सर्दी दिरांची, काळजी सासूबाईंची

प्रश्न : गणपतीला दीर-जाऊ मुलांना घेऊन मुंबईहून आले. तिसऱ्या दिवशी दिरांचा घसा धरला, अंगात कणकण. किटवर टेस्ट केली, निगेटिव्ह. म्हणून आरत्या, भजन सगळं नेहमीसारखं झालं. दोन दिवसांनी परत टेस्ट केली तर कोविड पॉझिटिव्ह! आमच्या सगळ्यांच्या लसी झाल्यात, शिवाय २०२१ मध्ये अख्ख्या घराला कोरोना होऊन गेलाय. मग परत कसा? दीर म्हणतात, "साधी सर्दी आहे, लस घेतलीय, माझ्यापासून कुणाला काही होत नाही." सासूबाई ७८ वर्षांच्या, मधुमेही आहेत. दिरांना वेगळं बसा म्हटलं तर रागावतात. काय करू?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : ताई, दिरांचा आजार सौम्य आहे तो बहुतेक लसीमुळे आणि आधीच्या संसर्गामुळेच. पण म्हणून त्यांच्या श्वासातून बाहेर पडणारा विषाणू सौम्य होत नाही. तो सासूबाईंच्या नाकात शिरला की त्यांचं वय आणि त्यांची साखर बघणार, दिरांची लस नाही.

आपलं नाक म्हणजे घराची पडवी आणि फुप्फुसं म्हणजे माजघर, असं समजा. दंडात घेतलेल्या लसीचा पहारा माजघरात पक्का असतो. न्यूमोनिया टळतो तो त्यामुळे, आणि हे संरक्षण बराच काळ टिकतं. पडवीतला पहारा मात्र काही महिन्यांत ढिला पडतो. विषाणू तिथे चार-आठ दिवस मुक्काम करतो आणि तिथूनच दुसऱ्याकडे जातो. लस घेतलेल्या माणसाच्या नाकातून तो लवकर हटतो, लस किंवा संसर्ग ताजा असेल तर पुढे पसरतोही कमी. पण २०२१ च्या भरवशावर आज "माझ्यापासून काही होत नाही" म्हणणं चुकीचं आहे.

शिवाय तेव्हाचा विषाणू आता राहिलेला नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे डेल्टा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आफ्रिकेच्या दक्षिण भागातून ओमायक्रॉनची खबर आली. त्याच्या काट्यांच्या प्रथिनात तीसहून जास्त बदल होते, आणि त्यातले बरेचसे आपल्या अँटीबॉडीज जिथे पकड घेतात त्याच जागी. पुढे पसरलेला जेएन.१ हाही ओमायक्रॉनच्याच वंशातला. २०२० मध्ये लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत पाच-सहा दिवस जायचे, ओमायक्रॉनमध्ये साधारण तीनच. मुंबईत किंवा गाडीच्या गर्दीत लागण झाली आणि गावात पोचल्यावर घसा धरला, असं झालं असणं अगदी शक्य आहे.

पहिली टेस्ट निगेटिव्ह का आली? विषाणूची आधीच ओळख असलेलं शरीर लवकर जागं होतं. त्यामुळे घसा, ताप आधी येतो आणि नाकातला विषाणू त्यानंतर वाढत जातो, बरेचदा लक्षणांच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळस गाठतो. म्हणजे तुम्ही निर्धास्त झालात त्याच दिवसांत धोका चढत होता. लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासूनही लागण होऊ शकते.

भजनाची मला जास्त काळजी वाटते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या सरावाला ६१ जण जमले होते. आजारी एकच होता, पण त्या एका संध्याकाळीत पन्नासहून अधिक जणांना लागण झाली, दोघं दगावले. तेव्हा कुणाकडेच प्रतिकारशक्ती नव्हती, आज तसं नाही. पण मोठ्याने गाताना श्वासातून निघणारे सूक्ष्म कण आजही तेवढेच असतात, आणि पावसाची झड आत येते म्हणून आपण ओटीची दारं-खिडक्या लावून घेतो.

दिरांना वेगळी खोली द्या, वाऱ्याच्या आडची खिडकी उघडी ठेवा. किमान पाच दिवस आणि औषधाशिवाय ताप उतरून एक पूर्ण दिवस होईपर्यंत त्यांनी सासूबाईंजवळ बसू नये. दहाव्या दिवसापर्यंत घरात एन-९५ मास्क लावावा. रागावले तर डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणा, वाईटपणा माझ्याकडे येऊ दे.

सासूबाईंची साखर रोज बघा, संसर्गात ती चढते. त्यांना साधा खोकला आला तरी त्याच दिवशी टेस्ट करा, निगेटिव्ह आली तर दोन दिवसांनी पुन्हा. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा. विषाणूविरोधी गोळ्या द्यायच्या झाल्या तर लक्षणांच्या पहिल्या पाच दिवसांतच सुरू कराव्या लागतात, म्हणून "सण उरकू दे, मग बघू" असं करू नका.