पहिलं पान येतं, दुसऱ्या पानावर एरर: फॅक्टरीचा वारसा तपासा

अ‍ॅप मायएसक्यूएल डेटाबेसवरून पोस्टग्रेसवर नेलं, कनेक्शन जुळतं, यादीचं पहिलं पान नीट दिसतं आणि दुसऱ्या पानावर सिंटॅक्स एरर येतो, असं तुम्ही लिहिलंय. 'बाकी सगळं सारखंच' म्हणून पोस्टग्रेसफॅक्टरी (डेटाबेससाठी लागणाऱ्या वस्तू बनवून देणारा क्लास) थेट मायएसक्यूएलफॅक्टरीपासून एक्स्टेंड केलीय, हेही लिहिलंय. हे दुखणं जुन्या ओळखीचं आहे. ड्रायव्हर बदलत बसू नका, त्या एक्स्टेंड्सकडे बघा.

तुम्ही फक्त क्रिएटकनेक्शन ही मेथड ओव्हरराइड केलीत, म्हणजे नव्यानं लिहिलीत. क्रिएटक्वेरीबिल्डर वारशानं आलं, त्यामुळे पोस्टग्रेसच्या कनेक्शनवर मायएसक्यूएलचा बिल्डर (क्वेरी लिहून देणारी वस्तू) बसलाय. पहिल्या पानाला तो नुसतं 'लिमिट २०' लिहितो, ते दोन्हीकडे चालतं. दुसऱ्या पानाला 'लिमिट २०, २०' लिहितो, आणि हा स्वल्पविरामवाला प्रकार पोस्टग्रेसला मान्य नाही. त्याला 'लिमिट २० ऑफसेट २०' हवं (हे मायएसक्यूएललाही चालतं). बरेच जण तेवढी ओळ बदलून मोकळे होतात. मग कधीतरी 'ऑर्डर' नावाचा कॉलम येतो, बिल्डर त्याला बॅकटिक लावतो आणि पोस्टग्रेस पुन्हा अडतं, कारण तिथे नावांना दुहेरी अवतरणचिन्ह लागतं.

एका फॅक्टरीतून निघालेल्या वस्तू एकाच घराण्यातल्या असाव्यात, एवढ्यासाठीच हा 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट फॅक्टरी' पॅटर्न वापरायचा. एका काँक्रीट (प्रत्यक्ष वस्तू बनवणाऱ्या) फॅक्टरीला दुसरीची मुलगी केलं, की ओव्हरराइड करायची राहिलेली प्रत्येक मेथड परक्या घराण्यातली वस्तू हातात देते. टाइप जुळत असल्यामुळे कंपायलर चकार शब्द काढत नाही.

दोन्ही फॅक्टऱ्या थेट अ‍ॅबस्ट्रॅक्ट डीबीफॅक्टरीपासून काढा. तिच्यातल्या सगळ्या क्रिएट मेथड अ‍ॅबस्ट्रॅक्ट ठेवा, एकीलाही बॉडी नको. काँक्रीट फॅक्टऱ्यांना जावात फायनल, सीशार्पमध्ये सील्ड लावा, म्हणजे त्यांना कुणी एक्स्टेंड करू शकणार नाही. कोड दोनदा लिहावा लागेल ही भीती असेल, तर सामाईक भाग प्रॉडक्टच्या (फॅक्टरी बनवते त्या वस्तूच्या) बाजूला न्या: क्वेरीबिल्डरचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट बेस क्लास क्वेरी जुळवेल, आणि नावाला अवतरण लावणं व पान पाडणं एवढ्या दोन मेथड मुलांनी (त्यापासून काढलेल्या क्लासनी) भरायच्या. कनेक्शन स्ट्रिंग वाचणं, लॉगिंग वगैरेसाठी वेगळा क्लास करून तो फॅक्टरीला पास करा.

पुढे नवं प्रॉडक्ट आलं की सगळ्या फॅक्टऱ्या तुटतील. तुटू द्या! तेव्हा बेसमध्ये 'रिटर्न नल' टाकून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. डॉटनेटच्या डीबीप्रोव्हायडरफॅक्टरीत बऱ्याच क्रिएट मेथड मुळात नलच देतात, पण तिथे बाहेरच्या लोकांनी लिहिलेले प्रोव्हायडर सांभाळायचे असतात. तुमचा सगळा कोड तुमच्याच हातात आहे. कंपायलरनं दाखवलेली यादी परवडते. तीन थर पलीकडे फुटलेला नल पॉइंटर शोधणं फार महागात पडतं.

जाता जाता: बेस क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून क्रिएट मेथड बोलावू नका. जावात मुलाची मेथड चालते, पण मुलाच्या कन्स्ट्रक्टरनं भरायची फील्ड तेव्हा रिकामी असतात. सी प्लस प्लसमध्ये मुलाची मेथड चालतच नाही.

हे सगळं स्टॅटिक टाइपच्या (टाइप कंपाइल करतानाच तपासणाऱ्या) भाषांबद्दल. पायथनमध्ये राहिलेली अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड ऑब्जेक्ट बनवतानाच कळते, म्हणून तिथे प्रत्येक फॅक्टरी एकदा तयार करून बघणारी टेस्ट ठेवा. आणि प्रॉडक्ट एकच असेल, तर माझ्या मते या पॅटर्नच्या वाटेला जाऊच नका, साधी फॅक्टरी मेथड पुरते.