हललं नक्की कोण?

प्रश्न : मुंबईहून येताना क्रॉसिंगसाठी गाडी थांबली होती. मुलगा पाण्याची बाटली आणायला उतरला होता. गाडी सुटली असं वाटून मी आरडाओरडा केला. प्रत्यक्षात शेजारची गाडी निघाली होती, आमची जागीच होती. असं कसं फसायला होतं? (एक आई, देवरुख)

कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी आहे, त्यामुळे ही फसगत आपल्या वाट्याला जरा जास्तच येते. समोरचा डबा खिडकीतून सरकतोय, एवढंच डोळ्यांना कळतं. सरकतंय कोण, हे त्या दृश्यात नसतंच. कानाच्या आत तोल सांभाळणारं जे यंत्र असतं, त्याला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. आणि गाडी इतकी अलगद सुटते की तेही गप्प राहतं. मग मेंदू आपल्या मनाने ठरवून टाकतो. पुढच्या वेळी ओरडण्याआधी फलाटावरचा खांब बघा.

अर्थात तो खांबही आपल्या अक्षांशावर पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १६०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे निघालेला आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये हे नावेच्या दाखल्याने सांगितलं : नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच आपल्याला तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात.

प्रश्न : खाडी ओलांडताना होडीवाला समोरच्या धक्क्याकडे तोंड धरतच नाही, भलतीकडे धरतो. तरी होडी धक्क्यालाच लागते. हा लांबचा रस्ता कशाला? (अकरावीचा विद्यार्थी, गुहागर)

लांबचा नाही, हिशेबाचा. समज, ओहोटीचं पाणी सेकंदाला १ मीटर समुद्राकडे ओढतंय, होडी पाण्याच्या हिशेबाने सेकंदाला २ मीटर जाते आणि पात्र ६०० मीटर रुंद आहे. तोंड सरळ समोर ठेवलं तर ५ मिनिटांत पलीकडे पोचशील, पण धक्क्याच्या ३०० मीटर खाली. तोंड ३० अंश ओढीच्या विरुद्ध वळवलं तर नेमका धक्क्याला लागशील. वेळ लागेल ५ मिनिटं ४६ सेकंद. कांदळवनाच्या चिखलातून ३०० मीटर चालण्यापेक्षा पाऊण मिनिट परवडलं. भरती लागली की तोच होडीवाला तोंड उलट बाजूला धरेल, बघ.

आता याच पाण्यातलं एक कोडं. ओढीच्या विरुद्ध वल्हवत चाललेल्या होडीतून नारळ पडला. दहा मिनिटांनी लक्षात आलं. त्याच जोराने वल्हवत मागे फिरलास, तर नारळ गाठायला किती वेळ लागेल? हे मी वर्गात घातलं की मुलं लगेच दोन वेग, दोन अंतरं मांडायला घेतात आणि तिसऱ्या ओळीत अडकतात. मालवणात एका होडीवाल्याला विचारलं, तर बिडी न काढता तो म्हणाला, "दहाच मिन्टां. नारळ खंय जातलो? तो पाण्यावांगडाच आसा."

सगळं उत्तर त्यातच आहे. काठावर उभं राहून बघितलंस तर नारळही हलतो, होडीही हलते, आणि गणित वाढतं. नारळावर बसून बघ. पाणी थांबलेलं, नारळ थांबलेला, फक्त होडी दहा मिनिटं लांब गेली. तेवढंच अंतर, तोच वेग, म्हणजे परतायलाही दहाच मिनिटं. ओढ कितीही असो. पुस्तकात ज्याला संदर्भ चौकट म्हणतात, ती निवडायची म्हणजे कुठे बसून बघायचं ते ठरवायचं. वर फायदा असा, की नारळ पडला तिथून ४०० मीटर खाली सापडला, तर २० मिनिटांत ४०० मीटर म्हणजे ओढ ताशी १.२ किलोमीटर. होडीचा वेग ठाऊक नसला तरी बिघडत नाही.

प्रश्न : वारा नसताना पाऊस सरळ पडतो, पण स्कूटर सुरू केली की थेट छातीवर येतो. पाठ मात्र बरीच कोरडी. (शिक्षिका, लांजा)

दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर, म्हणजे ताशी २३ किलोमीटर वेगाने पडतो. तुम्हीही ताशी २३ ने निघालात, तर तुमच्या दृष्टीने तो ४५ अंशांत तिरका येणार. वेग दुप्पट केलात तर आणखी आडवा. लावणीत ओणवं होऊन काम करणाऱ्यांसाठी इरलं पाठीवर असतं ते बरोबरच, स्कूटरवर ते पोटावर बांधावं लागेल! चालतानाही छत्री थोडी पुढे झुकवावी लागते ती यामुळेच. खगोलशास्त्रज्ञांना दुर्बीण अशीच किंचित झुकवावी लागते, कारण सेकंदाला ३० किलोमीटर धावणाऱ्या पृथ्वीवर ताऱ्यांचा प्रकाशही तिरका येतो. हा फरक जेमतेम २० विकला, म्हणजे अंशाचा १८० वा भाग. जेम्स ब्रॅडलीने १७२८ साली त्याचं कारण ओळखलं.

प्रश्न : आंबा घाटात एसटी वळली की आम्ही सगळे बाहेरच्या अंगाला कलंडतो, पण जत्रेतून आणलेला गॅसचा फुगा आतल्या अंगाला जातो. का? (साखरपा)

तुम्ही सरळच जात असता, बस तुमच्याखालून वळते. बसमधली हवाही तशीच बाहेरच्या अंगाला दाटते आणि तिच्याहून हलका फुगा आत ढकलला जातो. काचा बंद असल्या तरच नीट दिसेल. बसमध्ये बसून गणित करायचं तर अपकेंद्री बल, म्हणजे बाहेर ढकलणारा मानीव जोर, खुशाल धरा, उत्तर चुकत नाही.

प्रश्न : मासेमारीच्या बोटीवर नवा आहे. रात्री दुसऱ्या बोटीचा दिवा दिसतो आणि एकाच जागी राहतो. म्हणजे ती थांबलेली आहे किंवा लांब आहे, असं धरू का? (हर्णै)

मुळीच धरू नकोस. तुझी बोट चालू आहे. तिच्यावरून पाहताना दिवा दिशा न बदलता मोठा होत असेल, तर ती बोट तुझ्या दृष्टीने थेट तुझ्याकडेच येते आहे, मग तिचं तोंड कुठेही असो. ती नांगरलेली असली तरी तूच तिच्यावर जाऊन आदळशील. समुद्रावरच्या टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतही हीच खूण दिली आहे : होकायंत्रावरची दिशा लक्षात येण्याजोगी बदलत नसेल, तर टक्कर होणार असं धरून चाला. मोठं जहाज जवळ असेल तर दिशा थोडी बदलत असली तरी बेफिकीर राहायचं नाही.

होकायंत्र हाताशी नसेल तर बोट एका दिशेला ठेवून, एकाच जागी बसून, कठड्याच्या खांबाशी दिवा जुळवून बघ. खांबाच्या पुढे किंवा मागे सरकत गेला तर बहुधा निसटेल. तीन-चार मिनिटं त्याच खांबावर राहिला, तर तांडेल झोपला असला तरी उठव.