जुन्या वास्तूतला वीकेंड: सव्हाना, चार्ल्सटन, न्यू ऑर्लिन्स

प्रश्न (अटलांटा): लग्नाच्या वाढदिवसाला दोन रात्री जुन्या हॉटेलात राहायचंय. पण वेबसाइटवर सगळीच हॉटेलं ‘ऐतिहासिक’! खरं कसं ओळखायचं?

फोन करून सरळ विचारा: इमारत मूळची आहे की त्याच जागी नव्याने बांधलेली? चार्ल्सटनचं मिल्स हाउस १८५३ चं म्हणून ओळखलं जातं, पण मूळ इमारत पाडून आजची १९७० च्या सुमारास उभी राहिली. राहायला ती उत्तमच आहे. फक्त आपण कशाचे पैसे मोजतोय ते माहीत असावं. सव्हानाचं मार्शल हाउस मात्र १८५१ चीच वास्तू. यादवी युद्धात तिथे सैनिकांचं इस्पितळ होतं.

दोनच रात्री असतील तर सव्हानाच गाठा. तुमच्याकडून चारेक तासांचा रस्ता, आणि तिथे गाडी एकदा लावली की निघेपर्यंत काढावी लागत नाही. जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक ऑगलथॉर्प याने १७३३ मध्ये आखायला घेतलेल्या या शहरातले बागेसारखे २२ चौक अजून शाबूत आहेत. ओकच्या सावलीत एका चौकातून दुसऱ्यात नुसतं चालत राहावं. पार्किंगचे पैसे बहुधा वेगळे पडतात, ते आधी विचारा. १७ मार्चच्या आसपास, सेंट पॅट्रिक्स डेला, तुफान गर्दी असते. ते दिवस टाळा.

प्रश्न (रॅली): ऑक्टोबरमध्ये पुण्याहून आई-बाबा येतायत. चार्ल्सटनला न्यायचंय, पण आईचे गुडघे दुखतात.

अवश्य न्या, फक्त खोली डोळ्यांत तेल घालून निवडा. जुन्या घरांच्या छोट्या इनमध्ये अनेकदा लिफ्ट नसते, जिने अरुंद असतात आणि रस्त्यावरून दारापर्यंतच पाच-सात पायऱ्या चढाव्या लागतात. पाय लावलेला लोखंडी टब फोटोत देखणा दिसतो, पण गुडघे धरलेल्या माणसाला त्याची कड ओलांडणं कठीण. तळमजल्यावरची खोली आणि उभ्याने अंघोळीचा शॉवर मागा, आणि ईमेलवर लेखी होकार घ्या. पिआझा, म्हणजे घराच्या एका बाजूने लांबवर गेलेला व्हरांडा, असलेली जागा मिळाली तर फारच छान. आई-बाबांची सकाळ तिथे चहा घेत मजेत जाईल. वादळांचा मोसम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, तेव्हा रद्द करता येईल असंच बुकिंग करा.

प्रश्न (ह्यूस्टन): सहा वर्षांच्या मुलीला घेऊन न्यू ऑर्लिन्सला जातोय. फ्रेंच क्वार्टरमध्ये बाल्कनीची खोली घ्यावी का?

बूर्बन स्ट्रीटवर नको, तिथल्या रात्रीच्या गोंगाटात मुलीला झोपच लागणार नाही. गार्डन डिस्ट्रिक्टजवळ सेंट चार्ल्स ॲव्हेन्यूवर बघा; दारातून ट्राम मिळते आणि ती या मार्गावर १८३५ पासून धावतेय. क्वार्टरमध्येच राहायचं तर रॉयल स्ट्रीटवरचं १८८६ पासूनचं मॉन्टेलिऑन हॉटेल चांगलं. खोली आतल्या बाजूची मागा. कित्येक छोट्या इनमध्ये मुलांना घेत नाहीत, तेही आधी विचारा.

प्रश्न (शार्लट): प्लँटेशनवरच्या हवेलीत राहायचं ठरवलं, तर मैत्रीण म्हणाली, “तिथे कसली मजा करायची?” तुम्हाला काय वाटतं?

मैत्रिणीचं मला पटतं. ज्या ओसरीवर फोटो काढायचे, तिच्यामागच्या शेतात माणसं गुलाम म्हणून राबली. शहरातली हॉटेलंही यातून सुटत नाहीत. न्यू ऑर्लिन्सचं ओम्नी रॉयल जिथे उभं आहे, तिथल्या पूर्वीच्या सेंट लुईस हॉटेलात माणसांचे लिलाव होत. सव्हानाच्या जुन्या घरांची करडी वीट हर्मिटेज मळ्यावर गुलामांनी पाडलेली आहे. चार्ल्सटनमध्ये एखाद्या जुन्या भिंतीजवळ जाऊन नीट पाहा. काही विटांवर बोटांचे ठसे दिसतात, ओली वीट हाताळणाऱ्या गुलामांचे. त्यातले काही इतके छोटे आहेत की ती मुलं होती हे लगेच कळतं.

म्हणून या शहरांत जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. चार्ल्सटनला जा आणि एक अख्खी सकाळ इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियमला द्या. गुलामांना घेऊन येणारी जहाजं जिथे लागत, त्या गॅड्सडेन्स व्हार्फवरच ते २०२३ मध्ये उघडलं. हॉटेलातही विचारा, ही वास्तू बांधली कोणी? मालकाचं नाव सगळेच सांगतात. राबणाऱ्या हातांबद्दल जिथे आडपडदा न ठेवता बोलतात, त्या हॉटेलला माझी पहिली पसंती.

प्रश्न (डॅलस): आम्ही शाकाहारी. न्याहारीचं काय?

ग्रिट्स मागवा, मक्याच्या कण्याच त्या. लोणी-चीज घालून छान लागतात. कोळंबी नको, हे मात्र आधीच सांगा. कोलार्ड ग्रीन्स दिसते पालेभाजी, पण बहुतेकदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेली असते. बिस्किटांत (इकडे बिस्किट म्हणजे मऊ पाव) चरबी आहे का, तेही विचारून घ्या.