गोल टेबल डोक्यात बसत नाही

प्रश्न: सर, मी फोंड्याहून रोज कदंब बसने पणजीला क्लासला जाते, आयबीपीएस क्लार्कची, म्हणजे सरकारी बँकांतल्या क्लार्क भरतीच्या परीक्षेची तयारी चालू आहे. प्रिलिम्सला रीझनिंगमध्ये 35 प्रश्न, वेळ 20 मिनिटं आणि सीटिंग अरेंजमेंट (कोण कुठे बसलंय ते शोधायचं कोडं) आली की डावं-उजवं उलटंच होतं. रँकिंगच्या, म्हणजे रांगेतल्या क्रमांकाच्या गणितातसुद्धा उत्तर एकाने चुकतंच. काय करू?

उत्तर: अगं, डोक्यात बसवूच नकोस, कागदावर काढ. गोल काढून खालच्या जागेवर तू स्वतः बस, तोंड आत, आता उजवा हात जिकडे जातो ती दिशा घड्याळाच्या उलट आहे की नाही बघ, तोंड बाहेर केलंस की सगळं उलटं, बस्स.

आता हे बघ, सहा जण, तोंडं आत. अ च्या समोर ड, ब हा अ च्या उजवीकडे दुसरा, क ब च्या शेजारी नाही. इथे क ला दोन जागा उरतात आणि बहुतेक पोरं नेमकी इथेच एक जागा धरून पुढे पळतात. तसं करू नको, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी काढ, पुढची ओळ 'क ड च्या शेजारी' आली की एक आपोआप कटतं. अ ला आधी बसवलं ते समोरासमोरची ओळ पक्की असते म्हणून, 'नाही'वाल्या ओळी शेवटी.

रँकिंगचं सोपं आहे, तू वरून 12वी आणि खालून 27वी तर बेरीज 39, त्यातून एक वजा, एकूण 38, कारण तुला दोनदा मोजलं. मात्र रांगेत दोघं वेगवेगळे असले तर कोण पुढे ते आधी बघ.